देवाला उठवणारा वर्ग

सोमवार, ६ जानेवारी

पहिला दिवस. तीन मुलं रडली, एकाने चड्डीत केली, एक चावला. मला! आणि हे सगळं सकाळच्या प्रार्थनेत. अभ्यास अजून सुरूच व्हायचा होता.

आई फोनवर म्हणाली, "देवाने तुला बोलावलंय, जॉयलिन." बोलावलं असेल. पण कुठे ते नीट सांगायचं तरी! कॉलेजात शिकवलं की पाच वर्षांचं मूल म्हणजे कोरी पाटी. इथल्या पाट्या लाथा मारतात, आणि एकीच्या वेण्यांत च्युइंगम अडकलंय.

शाळा म्हणजे चर्चमागची एक लांबट खोली. एका खिडकीतून पातीच्या कांद्याचे वाफे दिसतात, दुसरीतून समुद्र. माझ्या मार्गदर्शक मिसेस स्वाबी. याच खोलीत त्यांचे केस पांढरे झाले. मागच्या खुर्चीत बसून पुठ्ठ्याने वारा घेत त्यांनी माझा सगळा पाठ ऐकला. शेवटी एवढंच विचारलं, "हे तू नक्की कोणाला शिकवत होतीस?"

मंगळवार, ७ जानेवारी

राहायला पाळक मॉक्सम यांच्याकडे आहे. तेच शाळेच्या समितीचे अध्यक्ष. म्हणजे माझं जेवण, झोप, गुण आणि तारण, सगळं एकाच पत्र्याखाली.

पाळकसाहेब मक्याच्या लापशीवर आशीर्वाद मागतात. सुरुवात लापशीपासून. मग आफ्रिकेतले आजारी, मग सरकार, मग रस्त्यातले खड्डे. तोवर लापशीवर साय धरते, सायीला सुरकुत्या पडतात. "आमेन" सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणते. पाळकीणबाईंना वाटतं, काय भक्ती मुलीची! म्हणू दे. भूक लागलीय असं कशाला सांगा?

गुरुवार, ९ जानेवारी

झावियाने विचारलं, "मिस, देवाला बेंबी आहे का?"

तीन वर्षांचं प्रशिक्षण पणाला लावून मी उत्तर दिलं, "खाली बस."

मागच्या बाकावरून नाशॉय म्हणाला, "असेल. पण त्याला खाली बघायला वेळ कुठाय?"

हा नाशॉय एव्हर्टन कोळ्याचा मुलगा. आई किंग्स्टनला असते. तिचं नाव कोणी काढत नाही. आजी, मिस आयसिल्डा, त्याला घासून आंघोळ घालते आणि मानेवर एवढी पावडर थापते की पोरगं तळायला काढलेल्या माशासारखं दिसतं. वर्गात एकटाच कधी रडत नाही. चावतही नाही. तेवढ्यावर माझा लाडका झालाय. (कॉलेजात शिकवलं: लाडका ठेवू नये. कॉलेजला काय जातंय!)

बुधवार, २२ जानेवारी

आज कॉलेजातून लिंडोसर माझा पाठ बघायला आले. पाठ: येशू वादळ शांत करतो.

केळ्यांच्या खोक्यांची होडी केली होती. लाटा म्हणून पाळकीणबाईंची निळी चादर, चार मुलांनी हलवायची. येशूच्या भूमिकेसाठी भांडण झालं, कारण येशूला फक्त झोपायचं होतं. चिठ्ठी नाशॉयच्या नावाची निघाली. तो होडीत आडवा झाला आणि खरोखर झोपला!

शिष्यांनी हाका मारल्या. "उठ, येशू!" ढिम्म. टाजेने त्याच्या पायाला गुदगुल्या केल्या. ढिम्म. मग आख्खा वर्ग ओरडायला लागला, "उठ! उठ!" चादरवाल्यांनी चादर टाकली, तेही ओरडले. बाहेर कोणाचं तरी गाढव ओरडायला लागलं. शेवटी नाशॉय उठून बसला, वैतागलेला, डोळे चोळत. शिकवलेलं वाक्य पार विसरला आणि खेकसला, "गप्प बसा सगळे!"

एकदम शांतता. लिंडोसरांनी काहीतरी लिहून घेतलं. खरं सांगायचं तर शास्त्रातही येशू वाऱ्याला जवळजवळ हेच म्हणतो.

मला इतका जोर चढला की टाचणात नसलेलं बोलून गेले. "बघितलंत? सगळ्यांनी मिळून हाक मारली की तो उठतो. कायम!"

सर गेल्यावर मिसेस स्वाबी म्हणाल्या, "पाठ बरा झाला. फक्त 'कायम' नको होतं."

"का?"

"ती लक्षात ठेवतात."

शुक्रवार, ३१ जानेवारी

नाशॉयला न्यायला आज आजीऐवजी एव्हर्टन आला. माझ्यासाठी केळीच्या पानात गुंडाळलेला लाल मासा. "मिस, माझं पोरगं तुमच्याकडे झोपायला शिकलं म्हणे. घरी तर रात्रभर बडबडतं." हसला की सगळा माणूस हसतो. नाशॉय त्याच्या खांद्यावर चढला आणि वरून मला असा हात केला, जसा काही राज्यपाल!

परवा तो पेड्रोच्या बेटांकडे जाणार. चार-पाच दिवसांची मासेमारी. मासा पाळकीणबाईंनी तळला. आशीर्वाद संपेस्तोवर गार झाला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एव्हर्टनची होडी आली नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

होडीत तिघे. एव्हर्टन, क्लाइव्ह आणि डॅली. बेटांवरून निघाले, एवढं इतर कोळ्यांनी बघितलंय. मग वारा सुटला. तटरक्षकांची बोट शोधतेय. एक विमानही घिरट्या घालून गेलं.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी अर्धा तास प्रार्थना केली. या वेळी कोणाची लापशी गार होत नव्हती, तरी मला वाटलं, अजून करा. थांबू नका.

सोमवार, १० फेब्रुवारी

मुलं येण्याआधी मी ठरवून ठेवलं होतं: आज गाणी घ्यायची, मासे-होड्या-समुद्र काही नाही. नाशॉय आला. पावडर नेहमीपेक्षा जास्त.

प्रार्थनेला मी डोळे मिटायला सांगितले. तो उभाच राहिला.

"मिस, आता हाक मारायची ना? सगळ्यांनी मिळून?"

सगळा वर्ग माझ्याकडे. मिसेस स्वाबींचा पुठ्ठा थांबला. कोणी कमी पडतोय का बघावं तसं नाशॉयने वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "इथून नको. कुंपणाजवळून. तिथून ऐकू जाईल."

गेलो. कुंपणाला धरून सगळी पोरं समुद्राकडे तोंड करून उभी राहिली आणि ओरडली, "उठ! उठ, येशू, उठ!" टाजे ओरडता ओरडता खोकायला लागला. झावियाने दोन्ही हातांचा कर्णा केला. नाशॉयच्या मानेच्या शिरा पावडरीतून वर आल्या.

मीसुद्धा ओरडले. घशातून रक्त येईल असं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पाळकसाहेबांनी लापशीआधी बोलावून घेतलं. म्हणजे गंभीर असणार.

"देव झोपत नाही, मिस इबँक्स."

"हो, पाळकसाहेब."

"तुमच्या वर्गाने काल पण त्याला उठवलं. परवा पण. कांद्याच्या वाफ्यांपर्यंत ऐकू आलं. ही देवनिंदा आहे!"

"मुलांना तो होडीतला—"

"कुंपणाकडे जायचं नाही."

वर्गात येऊन सांगितलं, आजपासून आतच प्रार्थना. मिसेस स्वाबी उठल्या, समुद्राकडच्या खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली आणि म्हणाल्या, "उकडतंय बाई." मग खुर्ची उचलून बाजूला ठेवली. खिडकीत जागा झाली.

फेब्रुवारीतल्या सकाळी इथे स्वेटर घालतात!

शनिवार, १५ फेब्रुवारी

तर काल कुंपणाबाहेर बायका जमल्या. डॅलीची बायको, क्लाइव्हची आई, मासळीवाल्या, वाफ्यांतून चिखलाच्या हातांनी आलेल्या. आतून पोरं ओरडायला लागली तशा बाहेरून त्या ओरडायला लागल्या. कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं आणि रात्रीतून ते कुठल्या कुठे पोचलं.

आज पाळकसाहेबांचा चेहरा उजळलेला. बुधवारची निंदा शनिवारपर्यंत जागृती झाली! उद्याच्या उपासनेत मुलांनी हे चर्चमध्ये करायचं. मोठे पाळक येणार, चित्रण करणारा येणार. नाशॉय पांढऱ्या शर्टात, सगळ्यांत पुढे, हातात माइक.

मी म्हटलं, "बाकीची मुलं आईबापांबरोबर येतील. नाशॉय पुढे उभा राहणार नाही."

"का?"

"उद्या बाप नाही आला तर त्या माइकचं काय करायचं त्याने?"

"तुमचा विश्वास कमी पडतोय."

"असेल. पण ते पोरगं पाच वर्षांचं आहे, पाळकसाहेब. आख्ख्या मंडळीचं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला? मोठी माणसं आहेत की."

ते म्हणाले, तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल की या मुलीला प्रार्थनेचं वावडं आहे. मी वर येऊन दार लावलं आणि गुडघे टेकले. वावडं म्हणे! कपाळ गादीत खुपसून तेच ते मागत राहिले: आण त्याला. माझी लाज राखायला म्हणून तरी आण.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळच्या आशीर्वादात आज आफ्रिका नव्हती. "या घरातल्या गर्विष्ठ आत्म्यासाठी" खास विनंती होती. आमेन मीच मोठ्याने म्हटलं.

मिस आयसिल्डाने नाशॉयला पाठवलं नाही. दारात उभी राहून पाळकीणबाईंना म्हणाली, "त्याच्या पोटात दुखतंय." नाशॉय मागे उभा राहून पेरू खात होता.

दुपारी मिसेस स्वाबी म्हणाल्या, "माझ्याकडे एक खाट रिकामी आहे. मी घोरते, ते आधीच सांगते." संध्याकाळी माझी पेटी त्यांच्याकडे नेली. पुदिन्याचा गरम चहा, कसाव्याच्या कंदाची भाकरी, आणि आशीर्वाद तीन शब्दांचा. त्या खरंच घोरतात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सापडले! सकाळी रेडिओवर. होंडुरासच्या एका मच्छीमार बोटीने भरकटलेल्या होडीतून माणसं उचलली. वर्गात बाकांवर नाच. टाजे खाली पडला, हनुवटी फुटली, तरी हसतोय. झाविया म्हणाली, "एवढं ओरडल्यावर कोण झोपेल!" नाशॉय नाचला नाही. दप्तर भरलं, पाठीवर घेतलं आणि दारात जाऊन उभा राहिला. आता न्यायला येणार म्हणून.

दुपारच्या बातम्यांत आकडा सांगितला. दोघे.

नावं सांगितली नाहीत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

क्लाइव्हचा तिकडून फोन आला. इंजिन बंद पडलं होतं. एका रात्री मोठी लाट आली आणि सकाळी बघतात तर एव्हर्टन नव्हता.

मी नाशॉयच्या घरी गेले तेव्हा मिस आयसिल्डा ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हीच सांगा त्याला, मिस. माझ्या तोंडातून निघत नाही. आणि तुमचं तो खरं मानतो."

खरं मानतो.

नाशॉय अंगणात बाटलीच्या झाकणांची गाडी करत होता. मी जमिनीवर बसले. डॅडी समुद्रात पडला, आता तो येणार नाही, असं सांगितलं. सरळ. देवाघरी वगैरे काही घातलं नाही. त्याने हातातलं झाकण फिरवून फिरवून बघितलं.

"आम्ही हळू ओरडलो का?"

"नाही."

"टाजे मध्येच खोकला होता."

"नाही रे राजा. टाजेमुळे नाही. कोणामुळेच नाही. तुम्ही खूप जोरात ओरडलात."

"मग?"

"मला माहीत नाही."

शिक्षिका म्हणून हे वाक्य पहिल्यांदाच बोलले. तो माझ्याकडे बघत राहिला, मी आणखी काहीतरी सांगेन म्हणून.

घरी आल्यावर मिसेस स्वाबींनी दार उघडलं, तोंड बघितलं आणि मला आत घेतलं. खूप उशिरा मला कळलं की मी त्यांचा हात धरून बसलेय.

रविवार, २३ फेब्रुवारी

उपकारस्तुतीची उपासना! बाहेर बोकडाच्या मुंडीचं सूप उकळतंय, आत पाळकसाहेब. "मंडळींनो, हाक मारली आणि उत्तर आलं! दोन जीव!" तिघांत दोन. म्हणजे सहासष्ट टक्के. आमच्या कॉलेजात याला द्वितीय श्रेणी म्हणतात.

क्लाइव्ह आणि डॅलीने साक्ष दिली. डॅली रडला. क्लाइव्ह कसाबसा बोलला. छताकडे बघत होता, पंख्याकडे, स्वतःच्या नव्या बुटांकडे, कुठेही. फक्त तिसऱ्या बाकावर आजीच्या मांडीला टेकून बसलेल्या पोराकडे नाही. वाचलेल्या माणसाला लाज वाटते म्हणतात. तसं असेल.

सगळे "हालेलूया" म्हणायला उभे राहिले. नाशॉयही उभा राहिला. उभं राहायचं असतं असं मीच शिकवलंय ना! मी बसून राहिले. पाळकीणबाईंनी बघितलं. बघू दे.

सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रार्थनेची वेळ. हात जोडलेले, डोळे मिटलेले, झावियाचा एक उघडा. मी तोंड उघडलं. काही आलंच नाही! आयुष्यभर पाठ असलेलं, आईने दुधाबरोबर पाजलेलं. एक शब्द नाही. मुलं वाट बघताहेत. नाशॉयने डोळे इतके घट्ट मिटलेत की नाकाला सुरकुत्या.

मागून मिसेस स्वाबींचा आवाज आला. "एक." मग, "दोन." मुलांना वाटलं, हेच असेल आज. सगळ्यांनी डोळे मिटून वीसपर्यंत मोजलं. आमेन.

संध्याकाळी मी विचारलं, "तुमचा विश्वास कधी गेला होता का हो?"

त्या भांडी घासत होत्या. "कितीदा!"

"मग काय केलंत?"

"करणार काय? आठ वाजता मुलं येतात."

शनिवार, १ मार्च

आईला फोन करून सांगितलं, मी हे सोडणार. ती म्हणाली, "देव सोडतेस की शाळा?"

"दोन्ही. एकावर एक फुकट."

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. विनोदाचं नाही, तो बरा होता.

मेलेल्यासाठी रात्रभर जागतात तसा एव्हर्टनसाठी जागर झाला परवा. देहाशिवायच. डोमिनो, रम, ढोल. क्लाइव्ह आला नाही. ताप आहे म्हणे.

गुरुवार, ६ मार्च

नाशॉय चावला. टाजेला, दंडावर, दात उमटेपर्यंत. टाजेने फक्त एवढंच म्हटलं होतं की माझा बाप मला आगबोट आणणार आहे.

मी नाशॉयला मागे नेऊन मांडीवर घेतलं. शिक्षा करायची असते, नियम आहे. तो रडला. जानेवारीपासून पहिल्यांदा. माझ्या ब्लाउजवर पावडर, शेंबूड, सगळं. टाजे लांबून बघत होता. मग आला आणि दुसरा दंड पुढे केला. "इकडे पण चाव हवं तर. मला एवढं नाही दुखलं."

सोडायचं ठरवलंय ते ईस्टरच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकललं. तेवढं करू. मग बघू.

(कॉलेजातून पत्र आलं: पाळकसाहेबांची तक्रार मिळाली, लिंडोसर पुन्हा पाठ बघायला येतील. येऊ देत. मोजून दाखवू वीसपर्यंत.)

मंगळवार, ११ मार्च

मधल्या सुट्टीत नळाजवळ नाशॉयने माझा हात ओढून मला खाली वाकवलं. तोंड माझ्या कानाशी. ओठ ओले, थंड.

"मिस, डॅडी मेला नाहीये. फोन आला होता. आजी वाफ्यात होती, मी उचलला. तो तिकडेच आहे, त्या बोटवाल्यांच्या गावात. एका बाईकडे. क्लाइव्हकाकाला, डॅलीकाकाला आणि बोटवाल्यांना त्यानेच तसं बोलायला सांगितलं. आता इकडे येणार नाही म्हणाला. आणि कोणाला सांगू नको म्हणाला."

त्याने नळ बंद केला, घट्ट, दोन्ही हातांनी. मग पुन्हा माझा कान खाली ओढला.

"देवाला पण नका सांगू, मिस. तो एवढा उठला, डॅडीला वाचवलं. त्याला वाईट वाटेल."